जुन्या लोखंडी पुलाचा लेख ‘गुड आर्टिकल’साठी कसा पाठवायचा : पात्रता, कागदपत्रे, अर्ज

गोकाक धबधब्याजवळ घटप्रभेवरचा झुलता पूल आपल्याकडच्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. अशा पुलांवरचे विकिपीडियातले लेख नीट तपासलेले असावेत, असे मला मनापासून वाटते. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही वाचणारी माणसे घरोघरी आहेत. पुलाचे कागद याच तीन भाषांत विखुरलेले असतात. म्हणून हे काम आपण करायचे.

इंग्रजी विकिपीडियावर लेख तपासून ‘गुड आर्टिकल’ ही श्रेणी दिली जाते. शुल्क नाही, मुलाखत नाही. तपासणारेही आपल्यासारखेच स्वयंसेवक असतात.

अर्ज कोण करू शकतो

कुणीही. शिक्षणाची, वयाची, गावाची अट नाही. मात्र त्या लेखात तुम्ही स्वतः फारसे लिहिले नसेल, तर आधी चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, विचारा. ज्यांनी वर्षभर खपून लेख वाढवला, त्यांना डावलून अर्ज टाकणे बरे दिसत नाही आणि नियमालाही धरून नाही. परीक्षकाचे खाते नोंदणीकृत हवे, आणि त्याने त्या लेखात मोठी भर घातलेली नसावी. आपला अर्ज आपणच तपासता येत नाही.

लेखाची पात्रता सहा गोष्टींवर ठरते : भाषा स्वच्छ हवी, मजकूर संदर्भांनी पडताळता यावा, विषयाची मुख्य अंगे आलेली असावीत, सूर तटस्थ असावा, लेखावर ओढाताण चाललेली नसावी, आणि शक्य तिथे योग्य परवान्याची चित्रे असावीत. पाचव्या अटीशी आपला जवळचा संबंध आहे. १ नोव्हेंबर २०१४पासून शहराचे सरकारी नाव ‘बेळगावी’ आहे, आपण घरात ‘बेळगाव’ म्हणतो. या एका शब्दासाठी पुलाच्या लेखात रोज खोडाखोड सुरू झाली, तर परीक्षक पुढचे न वाचताच अर्ज परत करू शकतो. नावाची चर्चा चर्चापानावर करा. लेखात पूल राहू द्या.

कागदपत्रे

इथे कागदपत्रे म्हणजे संदर्भ. आधार कार्ड कुणी मागत नाही. शंका घेता येईल अशा प्रत्येक विधानाला संदर्भ हवा, आणि तो निदान परिच्छेदाच्या शेवटी तरी यायला हवा. संदर्भ कन्नड किंवा मराठी असला तरी चालतो, फक्त पान क्रमांक द्या. परीक्षक काही संदर्भ स्वतः उघडून पाहतो. त्याला ती भाषा येत नसेल, तर मूळ ओळ आणि तिचा अर्थ त्याला काढून द्या.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी माहितीग्रंथाचा, बेळगाव खंड १८८४चा आहे. धबधब्यासाठी तो मोलाचा. पण गोकाकची गिरणी १८८५ची आणि तिथल्या वीजनिर्मितीचे साल १८८७ सांगतात. त्यासाठी आधीच छापलेल्या खंडाचा दाखला देता येणार नाही. उघड वाटते, तरी ही चूक फार वेळा दिसते.

माझा पहिला अर्ज नापास झाला तो ‘पहिला’ या शब्दावर. इंग्लंडमध्ये श्रॉपशरला सेव्हर्न नदीवर जो प्रसिद्ध लोखंडी पूल आहे, त्याचा उल्लेख मी ‘जगातला पहिला लोखंडी पूल’ असा केला होता. परीक्षकाने दाखवून दिले की यॉर्कशरमधल्या कर्कलीज इथे १७६९मध्येच घडीव लोखंडाचा छोटा पादचारी पूल उभा राहिला होता. सेव्हर्नवरचा पूल हा ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा, पहिला मोठा पूल. आपण बोलताना सगळ्याला ‘लोखंड’च म्हणतो. लेखात मात्र बीड, घडीव लोखंड आणि पोलाद वेगळे लिहावे लागतात, कारण त्यांची ताकद वेगळी. बीड दाब सोसते पण ताणाला तडकते, म्हणून तो पूल कमानीचा आहे. त्याचे भाग सुतारकामासारखे खाचा आणि कुसू (खाचेत बसणारी टोके) बसवून जोडलेले आहेत. हे कळले तेव्हा मला तो पूल खरा दिसला.

तारखांचेही तसेच. त्या पुलाचे साल कुठे १७७९ तर कुठे १७८१ लिहिलेले सापडेल. दोन्ही बरोबर आहेत. बांधकाम १७७९चे, रहदारीला खुला झाला १ जानेवारी १७८१ला. पुढे १९३४मध्ये वाहने बंद झाली, १९८६मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. कुठले साल कशाचे, हे लेखाने सांगितले पाहिजे. आपल्या पुलांनाही हाच नियम लावा. एकमेकांवरून उतरवलेली दहा संकेतस्थळे मिळून एकच संदर्भ होतो. गोकाकच्या विजेला ‘आशियातली पहिली’ म्हणतात, तसाच मान दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग जलविद्युत केंद्राला १८९७साठी दिला जातो. असे विधान लेखाच्या आवाजात करू नका, कोण म्हणते ते नोंदवा.

छायाचित्र स्वतः काढलेले सर्वांत उत्तम. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक कोठारात, मुक्त परवान्याने (कुणालाही वापरू देण्याच्या परवानगीने) चढवा. माहितीफलकाचा फोटो मात्र चढवू नका, कारण फलकावरच्या मजकुराचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो.

अर्ज आणि त्यानंतर

लेखाच्या चर्चापानावर नामांकनाचा साचा (ठरावीक तयार चौकट) लावायचा आणि विषयाचा गट निवडायचा. यादीत नाव आपोआप चढते. परीक्षक मिळायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. त्या काळात लेखावर लक्ष ठेवा.

निकाल तीन प्रकारचा : मंजूर, नामंजूर किंवा प्रलंबित. प्रलंबित असेल तर दुरुस्तीला साधारण सात दिवस मिळतात. दिवाळीत किंवा परीक्षेच्या तोंडावर सापडलात तर परीक्षकाला तसे कळवा, मुदत वाढवून मिळते. चोरलेला मजकूर सापडला तर मात्र अर्ज लगेच फेटाळला जातो. नामंजूर झालेला लेख सुधारून पुन्हा पाठवता येतो, त्याला थांबण्याची अट नाही.

मंजूर झालेला लेख मराठीत आणि कन्नडात आणताना बदलाच्या सारांशात (जतन करताना काय बदलले ते लिहायच्या ओळीत) मूळ लेखाचा दुवा द्या. परवान्यानुसार मूळ लेखकांना श्रेय देणे बंधनकारक आहे. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून पाहा, आणि मराठी वाचकासाठी बीड, कमान, कुसू हे शब्द तसेच ठेवा.