घरच्या गॅरेजमध्ये टर्बो आला कुठून?

१९६२ साली जनरल मोटर्सची ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी घेणाऱ्याला पेट्रोलबरोबर आणखी एक टाकी भरून ठेवावी लागे. बॉनेटखालच्या त्या छोट्या टाकीत शुद्ध केलेलं पाणी, मिथाइल अल्कोहोल आणि थोडं गंजरोधक रसायन असे. कंपनीने त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं भारदस्त नाव दिलं होतं. साडेतीन लिटरच्या ॲल्युमिनियम व्ही-८ इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोने जोर धरला की हे मिश्रण आत फवारलं जाई आणि तापलेली हवा निवे. टाकी रिकामी झाली की एक झडप टर्बोचा जोर आपोआप कमी करी. लोक टाकी भरायला विसरू लागले आणि गाडी पूर्वीसारखी पळत नाही म्हणून तक्रारी येऊ लागल्या. १९६३ नंतर जेटफायर बनली नाही. पुढे कंपनीनेच गिऱ्हाइकांना टर्बो काढून त्या जागी हवेत पेट्रोल मिसळणारा साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली.

जनरल मोटर्ससारख्या अवाढव्य कंपनीचे हे हाल झाले, आणि आज तेच काम एखादा हौशी माणूस घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवारी करतो. जेटफायरपेक्षा जास्त दाब देतो आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या वर्षानुवर्षं चालतात. माझ्या मते याचं श्रेय टर्बोला फारसं नाहीच. टर्बो स्वतः १९६२ मध्येही बरा होता. अडचण होती ती त्याने आत ढकललेल्या हवेचा हिशेब ठेवण्याची, आणि तो हिशेब सामान्य माणसाच्या हातात यायला जवळपास चाळीस वर्षं गेली.

मूळ कल्पना जुनी आहे. इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून उष्णता बनून निघून जातो. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या वाया जाणाऱ्या वायूवर टर्बाइन फिरवून, त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जादा हवा कोंबण्याच्या योजनेचं, म्हणजेच टर्बोचं, पेटंट घेतलं. पेटंट मिळालं, पण चालणारं यंत्र हाती यायला वीस वर्षं लागली. १९२५ मध्ये दहा सिलिंडरच्या जहाजी डिझेल इंजिनांची ताकद त्याने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर नेली, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

टर्बो डिझेलमध्ये आधी रुजला, यामागे कारण आहे. डिझेल इंजिनात दाबली जाते ती नुसती हवा. इंधन शेवटच्या क्षणी येतं. म्हणून हवा कितीही कोंबली तरी ती वेळेआधी पेटण्याचा प्रश्नच नाही. त्या काळच्या पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळून आत यायचं. दाब आणि तापमान जरा चढलं की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण एकदम भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. खडखड असा आवाज येतो, आणि तो दुर्लक्षिला तर पिस्टनच्या कडा तुटतात किंवा माथ्याला भोक पडतं. स्पोर्ट्स कारला टर्बो लावणाऱ्या प्रत्येकाची भीती शेवटी याच एका आवाजाशी येऊन थांबते.

पेट्रोल इंजिनाला टर्बो आधी मिळाला तो आकाशात. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिन दमतं. टर्बो ती तूट भरून काढतो. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने पहिल्या महायुद्धात विमानांसाठी असे प्रयोग केले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये लिबर्टी व्ही-१२ इंजिन ट्रकवर लादून थेट पाइक्स पीकच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे ४३०० मीटरवर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० पर्यंत घसरलं आणि टर्बो लावल्यावर ३५६ वर पोचलं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७, बी-२४, पी-३८, पी-४७ ही सगळी विमानं टर्बोवर उडत होती.

या युद्धातून गॅरेजवाल्यांना मिळालेली खरी देणगी म्हणजे धातू. टर्बाइनची पाती लालबुंद तापून प्रचंड वेगाने फिरतात. साधं पोलाद तिथे लांबतं आणि शेवटी तुटतं. उपाय सापडला दातांच्या दवाखान्यात. कोबाल्ट आणि क्रोमियमचा ‘व्हायटेलियम’ हा मिश्रधातू कवळ्यांसाठी वापरला जात होता. तो इतका कठीण की कापून घडवणं अवघड, म्हणून मेणाचा साचा करून ओतला जाई. दात ओतण्याची हीच रीत टर्बाइनच्या पात्यांना लागू पडली. आज एखाद्या हौशी माणसाच्या टेबलावर पडलेलं टर्बाइन चक्र निकेलच्या मिश्रधातूचं असतं, पण ते ओतायची पद्धत अजून तीच आहे. असं चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेतं, लहान टर्बोत त्याहूनही जास्त. हा एक भाग घरी बनवायच्या भानगडीत कोणी पडत नाही, आणि पडूही नये.

युद्ध संपल्यावर टर्बो परत जमिनीवर आला, तोही पुन्हा डिझेलवरच. स्वित्झर्लंडच्या सॉररने १९३८ मध्येच ट्रकसाठी टर्बो इंजिन काढलं होतं. १९५० च्या दशकात कॅटरपिलरने आपल्या डी-९ ट्रॅक्टरसाठी गॅरेट कंपनीकडून टर्बो घेतले आणि तिथून ठोक उत्पादन सुरू झालं. मधेच, १९५२ साली, कमिन्सची टर्बो डिझेल गाडी इंडियानापोलिसच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे, पोल पोझिशनवर उभी राहिली आणि शर्यतीत मात्र बाद झाली. हवा ओढायचं तोंड जमिनीलगत होतं. ट्रॅकवरचा टायरच्या रबराचा चुरा त्यात जाऊन बसला. फिल्टरशिवाय टर्बो चालवून बघणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जेटफायरबरोबरच शेव्हरोलेने कॉर्व्हेर माँझा स्पायडर आणली होती. तिच्यात जादा दाब सोडून देणारा वेस्टगेट नव्हताच. सायलेन्सरचा अडथळा आणि कार्ब्युरेटरचं अरुंद तोंड यांवरच दाब आटोक्यात ठेवला होता. दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता, म्हणजे टर्बो पेट्रोलमिश्रित हवाच ओढायचा. मांडणी सोपी, म्हणून पुढे घरगुती जोडण्याही बऱ्याच काळ तशाच झाल्या. पण मग मध्ये तापलेली हवा निववणारा इंटरकूलर घालता येत नाही, कारण थंड नळ्यांत पेट्रोल साचतं. कार्ब्युरेटर टर्बोच्या नंतर ठेवायचा, तर त्याची पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी आणि पेट्रोलचा पंप या दोन्हींना वाढलेल्या दाबाची जोड द्यावी लागते. १९८० च्या लोटस एस्प्रिट टर्बोने हे नीट करून दाखवलं, पण घरी ते जमवणारे थोडेच.

१९७० चं दशक मोठं गजबजलेलं. पोर्शेच्या ९१७ ने टर्बोच्या जोरावर १९७२ आणि १९७३ ची कॅन-ॲम स्पर्धा मारली; शेवटच्या ९१७/३० ची ताकद सुमारे ११०० अश्वशक्ती होती. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो आणली. पुढच्या स्पॉयलरवर ‘टर्बो’ हा शब्द उलटा लिहिलेला, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटा दिसावा. नेमकं तेव्हाच तेलसंकट आलं आणि १६७२ गाड्यांनंतर गाशा गुंडाळावा लागला. ९११ टर्बो १९७५ पासून रस्त्यावर आली, १९७८ मध्ये तिला इंटरकूलर मिळाला. फॉर्म्युला वनमध्ये रेनॉची टर्बो गाडी १९७७ ला उतरली. इंजिन वारंवार धूर सोडी म्हणून तिला ‘पिवळी किटली’ म्हणत. दोनच वर्षांनी तिने दिजाँची शर्यत जिंकली, तेव्हा हसणारे गप्प झाले.

शर्यती दिमाखदार, पण गॅरेजवाल्यांना जास्त शिकवलं ते स्वीडनच्या साबने. १९७७-७८ च्या साब ९९ टर्बोत जाणूनबुजून लहान टर्बो घेतला होता. तो लवकर दाब धरतो, आणि पुरेसा दाब झाला की वेस्टगेट उघडून उरलेला एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून जातो. दोन लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती आणि रोजच्या रस्त्यावर लागेल तिथे ओढ. त्याआधी मोठा टर्बो लावून तो जागा होईपर्यंत वाट बघायची, हीच रीत होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने इंजिनाच्या ब्लॉकवर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. नॉकिंग झालं की दाब आपोआप उतरे. जेटफायरच्या पाण्याच्या टाकीचं काम आता एका कानाने होऊ लागलं.

याच सुमारास हौसेचा धंदा झाला. जपानमध्ये १९७३ साली हिरोयुकी हासेगावा याने गाड्यांची ताकद वाढवणारे भाग बनवणारी एचकेएस कंपनी स्थापन केली. अमेरिकेत रीव्हज कॅलवे याने १९७७ मध्ये आपल्या घरच्या गॅरेजमधून बीएमडब्ल्यू ३२०आय साठी टर्बो जोडण्या बनवायला घेतल्या. दहा वर्षांनी शेव्हरोलेच्या विक्रेत्याकडे कॉर्व्हेट मागताना ‘कॅलवेचा ट्विन टर्बो’ हा पर्याय अधिकृतपणे निवडता येत होता.

बाकीच्यांना आधार भंगाराचा. १९८० च्या दशकात साब, फोर्ड, निस्सान अशा कंपन्यांनी गॅरेटचा टी-३ टर्बो ठोकाने वापरला. दशक संपेपर्यंत अपघातात मोडलेल्या या गाड्या भंगारात येऊ लागल्या. टी-३ चा चार बोल्टांचा आयताकृती फ्लॅन्ज, म्हणजे जोडणीची चपटी पट्टी, त्यामुळे जणू सगळ्यांची सामायिक भाषा बनला. आजही सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकत्र आणणाऱ्या, हाताने वेल्ड केलेल्या मॅनिफोल्डच्या टोकाला बहुधा तोच असतो. पुढे अमेरिकन पिकअपच्या कमिन्स डिझेलवरचा होल्सेट टर्बोही लोकांनी पेट्रोल गाड्यांवर चढवला. मजबूत, पण लहान इंजिनाला तो जड जातो. दाब येईपर्यंत वळण संपलेलं असतं.

भंगारातला टर्बो बसवताना पहिली चूक होते ती तेलाची. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, आणि बाहेर पडणारं तेल फेसाळलेलं, दाब नसलेलं असतं. परतीची नळी रुंद आणि सरळ उताराची नसली, तर तेल तुंबून सीलमधून गळतं आणि एक्झॉस्टमधून निळा धूर येतो. मग बिचारा टर्बो खराब म्हणून बदलला जातो. दुसरी गोष्ट: जोरात चालवून इंजिन तडक बंद केलं की थांबलेलं तेल आत जळून कोळसा होतं. १९८० च्या दशकात मधल्या भागात पाणी खेळवायला सुरुवात झाली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

पण हवेचा हिशेब अजून उरलाच होता. पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. टर्बोच्या दाबाखाली मिश्रण मुद्दाम घट्ट, साडेअकरा-बाराच्या आसपास ठेवतात, म्हणजे ज्वलन थंड राहतं. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ चंच घ्या. १.६ लिटरचं इंजिन, हलकी गाडी, टर्बोसाठी जणू आमंत्रणच. पण तिच्यात हवा मोजायला एक झुलती पट्टी होती. हवेच्या झोताने ती पूर्ण उघडली, की त्यापुढची हवा कंपनीच्या कॉम्प्युटरला दिसेच ना. मग लोकांनी जुगाड काढले: दाब वाढेल तसा पेट्रोलचाही दाब वाढवणारा रेग्युलेटर, नाहीतर नळीत पेट्रोल फवारणारा जादा इंजेक्टर. थोड्या दाबापर्यंत चालायचं. ठिणगीची वेळ मात्र कॉम्प्युटर जुन्याच समजुतीने ठरवायचा, आणि पिस्टन तिथेच जायचे.

२००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी ‘मेगास्क्वर्ट’ काढला. इंजेक्शन चालवणारा हा कॉम्प्युटर सुट्या भागांत मिळे आणि विकत घेणाऱ्याने स्वतः सोल्डरिंग करून तो जोडायचा. झुलत्या पट्टीची गरज संपली. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब, तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून हवा किती ते काढायचं आणि त्यावरून पेट्रोल. पुढच्या आवृत्त्यांत ठिणगीची वेळही हातात आली. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर १९७६ पासून व्होल्वोच्या गाड्यांत होता, पण तो फक्त १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगे. नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड सेन्सर स्वस्त झाला आणि मिश्रण बारावर आहे की चौदावर हे गाडी चालवतानाच डोळ्यांना दिसू लागलं. तोवर स्पार्क प्लगचा रंग बघून अंदाज बांधायची विद्या होती. जुने मेकॅनिक त्यात पक्के असायचे, पण प्लग काढून बघेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असे.

त्यानंतरचं सोपं होतं असं नाही. कॉम्प्रेसरचा आकार चुकला तर हवा उलटी मारते, त्याला सर्ज म्हणतात. वेस्टगेटचं तोंड मॅनिफोल्डवर चुकीच्या कोनात वेल्ड केलं तर दाब आवरत नाही. पण हे सगळं आता मोजता येतं, आणि मोजलेलं दुरुस्तही करता येतं.

माझदाने २००४ मध्ये स्वतःच टर्बो लावलेली एमएक्स-५ काढली. १.८ लिटर, इंटरकूलरसकट १७८ अश्वशक्ती, दोन वर्षं विकली. तोपर्यंत लोकांची त्याच गाडीवर घरी दोनशेच्या पुढे मजल मारून झाली होती.