रिसर्च अ‍ॅनालिस्ट की गुंतवणूक सल्लागार: आपण पैसे नेमके कशाचे देतो?

शेअरबाजाराविषयीच्या सशुल्क वार्तापत्राचे वर्गणीदार आणि गुंतवणूक सल्लागाराचे अशील, दोघेही बहुधा एकच वाक्य सांगतात: ‘सेबीकडे नोंदणी असलेल्या माणसाचा सल्ला घेतो.’ सेबी, म्हणजे शेअरबाजाराची नियामक संस्था, हिच्याकडची नोंदणी दोन्हीकडे खरी असू शकते, पण ती दोन निराळ्या कामांसाठी असते. सल्लागारांसाठी २०१३ चे विनियम आहेत, तर अशी वार्तापत्रे लिहिणाऱ्या रिसर्च अ‍ॅनालिस्टांसाठी २०१४ चे. पहिल्यांचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, दुसऱ्यांचा ‘आयएनएच’ने.

रिसर्च अ‍ॅनालिस्टचे काम कंपनीचा अभ्यास करणे हे आहे. अमुक शेअर चारशे रुपयांना घ्या, लक्ष्य पाचशे वीस, स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून शेअर विकून टाकायचा भाव) तीनशे सत्तर, असे तो लिहितो आणि ते सर्व वर्गणीदारांना एकाच वेळी पोहोचते. त्या वर्गणीदारांपैकी कोणावर गृहकर्ज आहे, कोणाला पुढच्या जूनमध्ये मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरायचे आहे, हे विचारण्याचे बंधन त्याच्यावर नाही. गुंतवणूक सल्लागारावर मात्र ते आहे: उत्पन्न, देणी, उद्दिष्टे आणि जोखीम सोसण्याची ताकद जाणून घेऊन, सुचवलेली गुंतवणूक त्या अशिलाला का योग्य ठरते हे त्याला ठरवावे लागते आणि त्याची नोंद किमान पाच वर्षे जपावी लागते. माझ्या मते सामान्य गुंतवणूकदाराची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. शेअरचा अभ्यास उत्तम असला म्हणजे तो शेअर आपल्यासाठीही योग्य आहे, असे तो गृहीत धरतो.

म्हणून दोघांना पारखण्याचे प्रश्नही वेगळे हवेत. वार्तापत्राच्या बाबतीत निवडक यशस्वी शिफारशींची यादी पाहू नये. फसलेल्या आणि अजून चालू असलेल्या शिफारशींसह पूर्ण यादी मागावी आणि तिची तुलना लाभांश धरून काढलेल्या निफ्टी ५०० या पाचशे कंपन्यांच्या निर्देशांकाच्या परताव्याशी करावी. शिफारस आल्यानंतर वर्गणीदाराला तो शेअर प्रत्यक्षात कोणत्या भावाला मिळाला असता, हेही तपासावे, कारण रोज थोडीच उलाढाल होणाऱ्या लहान कंपनीचा भाव शिफारशीनंतरच्या खरेदीनेच चढतो आणि कागदावरचा परतावा हाती येत नाही. अ‍ॅनालिस्टचे स्वतःचे हितसंबंध अहवालात उघड केलेले असणे नियमानुसार आवश्यक आहे. तो मजकूर बारीक टाइपात असला तरी वाचलाच पाहिजे.

सल्लागाराला परताव्याचा आकडा विचारण्यापेक्षा त्याचे उत्पन्न कुठून येते, हे आधी विचारावे. म्युच्युअल फंडांचे वितरकही बोलण्यात स्वतःला सल्लागार म्हणवतात. त्यांच्याकडे एआरएन, म्हणजे वितरक म्हणून नोंदणीचा, क्रमांक असतो आणि कमिशन फंड कंपनीकडून मिळते. नोंदणीकृत सल्लागार ज्या अशिलाकडून शुल्क घेतो, त्यालाच कमिशनची उत्पादने विकू शकत नाही.

शुल्काचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच करावा लागतो. तीन लाखांच्या गुंतवणुकीसाठी वर्षाला अठरा हजारांची वर्गणी भरली, तर बाजाराच्या परताव्याशी नुसती बरोबरी साधण्यासाठीही शिफारशींनी सहा टक्के जास्त कमावून द्यायला हवेत, आणि हे वर्षानुवर्षे साधणे फार कठीण असते. तीच वर्गणी तीस लाखांवर ०.६ टक्के पडते. लहान रकमेच्या गुंतवणूकदाराने वार्तापत्र घेण्याऐवजी इंडेक्स फंडाचा (निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडाचा) विचार आधी करावा, असे मला ठामपणे वाटते. खात्रीशीर परताव्याचे आश्वासन देणे दोघांनाही निषिद्ध आहे, त्यामुळे ते कोणी दिले तर पुढची चौकशी करण्याची गरजच उरत नाही.

तक्रार दोघांविरुद्धही सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार पोर्टलवर करता येते. पण ‘ही गुंतवणूक माझ्या परिस्थितीला शोभणारी नव्हती’ ही तक्रार सल्लागाराविरुद्ध योग्यतेच्या त्या नोंदीच्या आधारे मांडता येते. वार्तापत्राच्या वर्गणीदाराजवळ तशी नोंद मुळात तयारच झालेली नसते.