कोकणातलं मे महिन्याचं ऊन आणि चेहऱ्यावर दिसणारं वय

रत्नागिरीत ८ मेच्या आसपास भर दुपारी आपली सावली थेट पायाखाली येते. अलिबागला हाच दिवस मेच्या मध्यावर. आणि ही वेळ बाराची नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, रत्नागिरी त्याच्या सव्वानऊ अंश पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या थोडी पुढे होते. ‘बारा वाजले, ऊन आता उतरेल’ हा हिशेब इथे चुकतो.

त्याऐवजी सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर अतिनील किरणांचा मारा जोरात असतो. मे महिन्यात किनारपट्टीवर हा काळ साधारण साडेनऊ ते पावणेचार. आंबापोळीची ताटं आणि कोकमाची सालं साडेनऊच्या आत खळ्यात मांडावीत आणि चारनंतर उचलावीत. ती वाळायला दुपारचं ऊन हवंच, पण त्यांच्याजवळ बसून राहायची गरज नसते.

दुपारी खारे वारे सुटले की अंगाला गार वाटतं. ती फसवणूक आहे. आपल्याला जाणवते ती उष्णता. अतिनील किरण जाणवत नाहीत. त्यातले यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरात अडतात आणि कातडी भाजतात. यूव्हीए खोल जातात. तिथे त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन हे प्रथिन तोडणारी विकरं (एन्झाइम) वाढतात, लवचीक तंतूंचा गुंता होतो, त्वचा सैल आणि जाड होत जाते. साधी काचही यूव्हीए पुरते अडवत नाही. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचं छायाचित्र आलं होतं: खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्यामानाने तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा त्याने उजवा गाल आणि उजवा हात जपायचा.

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात. वय आधी दिसतं ते डागांत आणि वांगात. वांगावर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही परिणाम होतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. इतरांनी एसपीएफ (मुख्यतः यूव्हीबीपासूनच्या संरक्षणाचा आकडा) ३० किंवा ५० आणि सोबत पीए+++ (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) एवढं बघितलं तरी पुरे.

खरी गफलत होते ती प्रमाणात. डब्यावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. माणसं बहुधा त्याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि संरक्षण त्याच मानाने घसरतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. तेवढं चेहरा आणि मानेला लागतं, म्हणजे सुमारे एक ग्रॅम. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहून जाते. बाहेर पडण्याच्या १५ ते २० मिनिटं आधी लावावं, दर दोन तासांनी पुन्हा. आधी घाम टिपून घ्यावा, नाहीतर क्रीम घामावरून ओघळतं. दिवसातून दोनदा नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन-साडेतीन आठवडेच पुरते. ती चार महिने चालत असेल, तर पातळसा थरच लागतोय. इथल्या दमट हवेत चिकट क्रीम नकोसं होतं, म्हणून जेल घ्यावं. जे रोज लावावंसं वाटेल तेच उपयोगी. ऑस्ट्रेलियात नऊशेहून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षं झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा कमी वाढलेलं दिसलं.

कपडा मात्र सनस्क्रीनपेक्षाही भरवशाचा. तो उजेडासमोर धरून पाहा: विणीतून उजेड आरपार दिसला तर किरणही येणार. विरळ पांढरी ओढणी कमी पडते, आणि घामाने भिजली की आणखी कमी. गडद, घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चहूबाजूंनी रुंद काठाची टोपी घ्यावी. पुळणीवर छत्री असली तरी कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, तेही खालून, हनुवटीकडे.

काळवंडलेपणा जावा म्हणून लिंबू चोळून बाहेर पडणं तर पूर्ण टाळा. लिंबातली फ्युरोकुमारिनं नावाची रसायनं यूव्हीए मिळताच त्वचा पोळतात. एक-दोन दिवसांत लाली किंवा फोड, मग कित्येक आठवडे तपकिरी डाग. सरबताची लिंबं पिळल्यावरही हात मनगटापर्यंत साबणाने धुवावेत आणि मगच अंगणात जावं.