क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासत नाही

‘क्वांटम संगणक सगळ्या शक्यता एकाच वेळी तपासतो’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे. क्यूबिट, म्हणजे या संगणकातलं माहितीचं सर्वांत लहान एकक, ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत राहतो हे खरं. पण मोजमाप केलं की हाती एकच उत्तर येतं, आणि ते कुठलं हे संभाव्यतेवर ठरतं.

खरी करामत लाटांची आहे: इथे प्रत्येक संभाव्य उत्तर लाटेसारखं वागतं. भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी उभे राहा. भिंतीवर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते. कुठे पाणी उसळतं, कुठे दोन्ही लाटा एकमेकींत विरतात. क्वांटम अल्गोरिदम चुकीच्या उत्तरांच्या लाटा अशाच विरवतो, बरोबर उत्तराची चढवतो. हे एका झटक्यात होत नाही, म्हणून फायदाही मोजका. १० लाख विस्कळीत नोंदींतून एक शोधायला साध्या संगणकाला सरासरी ५ लाख वेळा पाहावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या क्वांटम पद्धतीने सुमारे ७८५ वेळा. बचत मोठीच, पण एका फटक्यात नव्हे.

शिवाय क्यूबिटची ही मिश्र अवस्था फार नाजूक. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०२४ साली ६ क्यूबिटच्या अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाच्या) प्रोसेसरची चाचणी झाली. असे क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, जेमतेम शतांश अंश वर, इतके गार ठेवावे लागतात. जराशी उष्णता शिरली की मिश्र अवस्था मोडते.