बंदुकीचं वंगण: कुठे तेल, कुठे ग्रीस, कुठे काहीच नाही

दुरुस्तीला येणाऱ्या बंदुकांत कोरड्या पडलेल्या थोड्या, तेलाने चिकटलेल्या जास्त. म्हणून हे पत्रक.

आधी काडतुसं काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी डोळ्यांनी पाहा, कप्पा, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बोट घालून तपासा. मग नळी साफ करायच्या गजाला ब्रश लावून काजळी काढा. काजळीवरच तेल सोडलं तर त्याचा खरखरीत लेप होतो आणि भाग झिजतात.

बारा बोअर दुनळी जिथे मोडते, त्या बिजागरीच्या खिळीवर मोठा भार येतो. पातळ तेल तिथे दाबाने बाहेर पडतं. मुगाच्या दाण्याएवढं लिथियम किंवा मॉली (मॉलिब्डेनम मिसळलेलं) ग्रीस लावा. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या दांड्याला आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरला गन ऑइलचा एकेक थेंब पुरे. काडतुसावर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात मात्र तेल नको. धूळ बसून ते घट्ट होतं, पिनचा ठोका हलका पडतो आणि काडतूस उडत नाही. काडतुसं बसतात ती सिलिंडरची घरं कोरडीच हवीत, कारण तेल प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीत) झिरपलं तर काडतूस निकामी होऊ शकतं.

नळीच्या आत तेलाचा पुसट थर फक्त ठेवणीसाठी. वापरण्याआधी कोरडी चिंधी फिरवून तो काढावाच लागतो. तेल दिल्यावर दुनळी रात्रभर तोंड खाली करून ठेवा. नाहीतर तेल कुंद्याच्या लाकडात उतरतं, लाकूड मऊ पडतं आणि सांध्याशी तडकतं.

घरातल्या तेलांपैकी खोबरेल सर्वांत वाईट. ते 24 अंशांच्या आसपास गोठतं, आणि निफाडकडे थंडीत पारा 10च्या खाली जातो. जवसाचं तेल लाकडाला उत्तम, पण लोखंडी भागांत वाळून डिंकासारखं होतं. शिलाई मशीनचं तेल वंगण म्हणून चालेल, पण पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका. गंज सोडवणारा स्प्रे पाणी हटवतो, पण वंगण म्हणून टिकत नाही.

ठासणीच्या बंदुकीचं तंत्रच वेगळं. काळ्या दारूच्या राखेतले क्षार ओल ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. त्याच दिवशी गरम पाणी आणि साबणाने नळी धुवा, पूर्ण वाळवा, मगच तेल. छर्ऱ्याच्या एअर रायफलमध्ये, जिथे हवा दाबली जाते तिथे खनिज तेल कधीही घालू नका. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेतं; स्प्रिंग आणि सील जातात. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, बंदुकीत तर स्फोटाचा धोका असतो. तिच्या सीलला शुद्ध सिलिकॉन तेलच.

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं फिरवा. हाताचा घाम लागला असेल तर त्याच दिवशी. चामड्याच्या म्यानात हत्यार साठवू नका. चामडं ओल धरतं.

तेल घ्यायला येताना हत्यार आणायची गरज नाही. बोअर आणि मॉडेल सांगा, तेवढं पुरतं.