तेवीस मिनिटं आधी सुरू होणारं रेकॉर्डिंग : घड्याळबदलाची पार्श्वभूमी

बुलढाणा, यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या खेड्यात वर्षातून दोनदा घड्याळाचे काटे पुढेमागे करायची पद्धत नाही. तरीही संगणकावर किंवा सेट टॉप बॉक्सवर लावून ठेवलेलं रेकॉर्डिंग कधी नेमक्या एका तासानं चुकतं, कधी साडेपाच तासांनी, कधी तेवीस मिनिटांनी. हे आकडे ठरलेले असतात, आणि प्रत्येकामागे घड्याळाच्या इतिहासातला एखादा निर्णय असतो. तो निर्णय माहीत असला की चूक कुठे दुरुस्त करायची ते लगेच कळतं. नसला तर माणूस घड्याळच हातानं सरकवतो, आज जुळल्यासारखं वाटतं आणि मग बाकी सगळे टायमर चुकायला लागतात.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ. नागपूर त्या रेषेच्या साधारण ३.४ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर नागपूरचा सूर्य घड्याळाच्या साडेतेरा मिनिटं मागे चालतो. गडचिरोलीत हा फरक दहा मिनिटांचा, बुलढाण्यात पंचवीसचा. म्हणजे विदर्भाच्या दोन टोकांतच सूर्याचं पाऊण-एक तास नव्हे, पण चांगलं पाव तासाचं अंतर आहे.

१९०६च्या आधी रेल्वे मद्रासची वेळ पाळत असे. ती ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि शहरानं ती १९५५पर्यंत सोडली नाही. कलकत्त्याची वेळ ग्रिनिचच्या सुमारे ५ तास ५३ मिनिटं पुढे, ती १९४८पर्यंत टिकली. कलकत्त्याचा हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या टीव्हीपर्यंत येणार आहे.

काटे पुढे करण्याचा अनुभव आपल्यालाही अगदीच नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२पासून १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत भारताची घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. युद्ध संपलं, तास परत मिळाला, आणि १९६०च्या दशकानंतर जन्मलेल्या पिढीला हे कुणी सांगितलंही नाही.

युरोप-अमेरिकेत मात्र ही सवय मुरली. न्यूझीलंडचे कीटकअभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५मध्ये उन्हाळ्यात घड्याळ दोन तास सरकवायची कल्पना मांडली. १९०७मध्ये इंग्लंडचे बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं, मिळून ऐंशी मिनिटं, पुढे करावीत असं सुचवलं. प्रत्यक्षात पहिल्यांदा देशभर काटे फिरवले ते जर्मनीनं, ३० एप्रिल १९१६ रोजी, युद्धकाळात कोळसा वाचवायला. तीन आठवड्यांत ब्रिटननं तेच केलं.

तेव्हापासून नियम देशोदेशी वेगळे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत २००५च्या कायद्यानं तारखा बदलल्या आणि २००७पासून मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार असा काळ ठरला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बहुतेक राज्यांत ऑक्टोबरचा पहिला रविवार ते एप्रिलचा पहिला रविवार. क्वीन्सलँड आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया काटे हलवतच नाहीत.

आपल्याला हे कळतं ते क्रिकेटमुळे. इंग्लंडमधली कसोटी तिथे सकाळी ११ वाजता सुरू होते, आपल्याकडे दुपारी साडेतीनला, कारण तिथे तेव्हा उन्हाळी वेळ असते. इंग्लंडमधला शनिवारी दुपारी ३ वाजताचा फुटबॉल सामना सप्टेंबरमध्ये आपल्याकडे साडेसातला, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेआठला. ऑस्ट्रेलिया दौरा सर्वात अवघड. डिसेंबरमध्ये मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, ब्रिस्बेन साडेचार, ॲडलेड पाच, पर्थ अडीच. एकाच मालिकेत चार वेगवेगळे फरक. ‘रोज सकाळी अमुक वाजता’ असा कायमचा टायमर लावणाऱ्याचा अर्धा दिवसाचा खेळ जाणारच.

कॅसेटच्या काळात टायमर म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची नक्कल होती. व्हीसीआरला कार्यक्रम ठाऊक नसे, फक्त आकडे ठाऊक. यावर सर्वात चांगला उपाय जर्मनीत १९८५मध्ये आला. प्रक्षेपक प्रत्येक कार्यक्रमाबरोबर त्याची ओळख सांगणारा छुपा संकेत पाठवायचा आणि रेकॉर्डर वेळेऐवजी त्या संकेताची वाट पाहायचा. कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला तरी कॅसेट बरोबर जागी सुरू होई. दुर्दैवानं ही पद्धत जगभर पसरली नाही, आणि घड्याळावर चालणारा टायमरच आपल्या वाट्याला आला.

डिजिटल प्रसारणानं एक गोष्ट मात्र नीट केली. छत्रीवरून येणाऱ्या डीव्हीबी (डिजिटल प्रसारणाची प्रमाणित पद्धत) संकेतात कार्यक्रमपत्रिकेच्या सगळ्या वेळा जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत असतात (व्यवहारात ती ग्रिनिचचीच वेळ, म्हणजे जीएमटी). त्याच्या जोडीला दोन तक्ते येतात : एकात आत्ताची यूटीसी तारीख-वेळ, दुसऱ्यात त्या देशासाठी यूटीसीत किती तास-मिनिटं मिळवायची, आणि तो आकडा पुढे कधी बदलणार असेल तर ती तारीख. पहिला तक्ता निदान दर तीस सेकंदांनी यायलाच हवा. त्यामुळे बॉक्सनं नुसतं ऐकलं तरी वेळ बरोबर येते. अडचण होते ती बॉक्स ऐकत नसतो तेव्हा, किंवा मिळवायचा आकडा मालकानं भलताच भरलेला असतो तेव्हा.

मोफत वाहिन्यांसाठी मिळणाऱ्या बहुतेक बॉक्समध्ये ‘टाइम सेटिंग’च्या पानावर तीन ओळी असतात : जीएमटी युसेज, जीएमटी ऑफसेट, समर टाइम. हे बॉक्स जगभरच्या बाजारासाठी एकाच साच्यातले बनतात. पहिली ओळ ऑन, दुसरी +०५:३०, तिसरी ऑफ, इतकंच हवं. समर टाइम ऑन राहिलं की घड्याळ तासभर पुढे जातं. मग कुणी ऑफसेट +०४:३० करून ते ‘जुळवतं’. पुढे बॉक्स फॅक्टरी रीसेट केला की समर टाइम ऑफ होतं आणि कुणीतरी आठवणीनं +०४:३०च भरतं. आता घड्याळ तासभर मागे. आधी समर टाइम बघा, मग ऑफसेट.

लाइन गेल्यावरची गोष्ट वेगळी. या बॉक्समध्ये बहुधा घड्याळाची बॅटरी नसते. लाइन आल्यावर बॉक्सनं एखादी वाहिनी पकडेपर्यंत त्याला वेळच ठाऊक नसते, आणि स्टँडबायमध्ये उठलेला बॉक्स वाहिनी पकडत नाही. भारनियमनाच्या गावात टायमर लावला असेल तर लाइन आल्यावर बॉक्स चालू करून मिनिटभर एखादी वाहिनी लावा, घड्याळ बघा, मगच स्टँडबायला टाका. जागेचा हिशेब म्हणाल तर साध्या दर्जाची वाहिनी सेकंदाला अडीच मेगाबिटनं आली तर तासाला सुमारे १.१ जीबी लागते. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही.

संगणकावरच्या सॉफ्टवेअरचा इतिहास जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि खऱ्या चुका इथेच रुजल्या. १९९९मध्ये अमेरिकेत टिव्हो आणि रिप्लेटीव्ही हे हार्ड डिस्कचे रेकॉर्डर आले. २००२मध्ये मिथटीव्ही सुरू झालं, जे कुणीही घरच्या संगणकावर बसवू शकत होतं. सुरुवातीच्या अशा अनेक सॉफ्टवेअरनी डेटाबेसमध्ये स्थानिक वेळ साठवली, कारण तेच सोपं वाटलं. पण काटे मागे जातात त्या रात्री अमेरिकेत १:३० दोनदा येतात आणि काटे पुढे जातात त्या रात्री २:३० येतच नाहीत. १:३० ते २:३० चं रेकॉर्डिंग एका तासाचं की दोन तासांचं? फाइलच्या नावात स्थानिक वेळ असेल तर दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाते. त्याहून सर्रास चूक अशी : पुढच्या चौदा दिवसांची पत्रिका आज उतरवली आणि आजचा फरक सगळ्या चौदा दिवसांना लावला. मधेच काटे बदलले की उरलेले सगळे कार्यक्रम तासभर सरकतात.

२००७च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या नव्या तारखा लागू झाल्या तेव्हा हे ठळकपणे दिसलं. ज्या उपकरणांत जुने नियम कोरलेले होते ती तीन आठवडे तासभर चुकीची चालली. मिथटीव्हीनं शेवटी २०१२च्या ०.२६ आवृत्तीत सगळ्या वेळा यूटीसीत साठवायला सुरुवात केली. साठवताना यूटीसी, दाखवताना स्थानिक वेळ. नियम एवढाच आहे, पण तो पाळताना डेटाबेस सर्व्हरमध्ये टाइमझोनचे तक्ते भरलेले असावे लागतात. ते न भरता आवृत्ती बदलली की सॉफ्टवेअर अडून बसतं.

हे टाइमझोनचे तक्ते म्हणजे १९८६पासून आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला संग्रह. जगातल्या प्रत्येक प्रदेशात घड्याळ कधी, किती हललं याची ती नोंदवही आहे आणि लिनक्स, अँड्रॉइड, बहुतेक सगळे तिच्यावर चालतात. भारताची नोंद कोलकाता शहराच्या नावानं आहे. २००८च्या आधी ती कलकत्ता या स्पेलिंगनं होती, म्हणून जुन्या यादीत कोलकाता सापडलं नाही तर कलकत्ता निवडा, दोन्ही एकच. या नोंदीची पहिली ओळ म्हणजे कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ : ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या अनेक छोट्या रेकॉर्डिंग स्क्रिप्ट पायटीझेड नावाची लायब्ररी वापरतात. तिच्यात टाइमझोन थेट तारखेला चिकटवला तर ती नोंदीची पहिलीच ओळ उचलते. मग संध्याकाळी ७ ही वेळ +५:५३ची समजली जाते, आणि रेकॉर्डिंग ६:३७ला सुरू होतं. तेवीस मिनिटं आधी. एकोणिसाव्या शतकातलं कलकत्ता मेहकरमधल्या पेन ड्राइव्हवर उतरतं ते असं. उपाय : टाइमझोन चिकटवण्याऐवजी त्या लायब्ररीचं लोकलाइझ हे फंक्शन वापरा, किंवा २०२०च्या पायथन ३.९पासून आत आलेलं झोनइन्फो वापरा.

बाकी आकड्यांचं निदानही असंच करता येतं. साडेपाच तासांचा फरक म्हणजे यूटीसीला स्थानिक वेळ किंवा स्थानिक वेळेला यूटीसी समजलं गेलं. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स असतील तर हे हमखास होतं, कारण मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवा, शक्यतो विंडोजला. एक्सएमएलटीव्ही पद्धतीच्या पत्रिकेतही हाच सापळा आहे : वेळेच्या शेवटी +०५३० लिहिलेलं नसेल तर ती यूटीसी धरली जाते. अर्ध्या तासाचा फरक म्हणजे कुणीतरी फक्त पूर्ण तास मोजले. टाइमझोनच्या यादीत ईटीसी (Etc) नावाच्या गटातले जीएमटी झोन पूर्ण तासांचेच आहेत आणि त्यांची अधिक-उणे चिन्हंही उलटी आहेत, ते कधीच वापरू नका. अडीच तास पुढे असेल तर अँड्रॉइड बॉक्स चीनच्या वेळेवर आहे. साडेतीन तास उशीर झाला तर ‘आयएसटी’ या तीन अक्षरांवर संशय घ्या : पोस्टग्रेस डेटाबेस ती मुळात इस्रायलची, यूटीसी+२ मानतो. आयर्लंडची उन्हाळी वेळही आयएसटीच, तिथे फरक साडेचार तासांचा येतो. म्हणून पत्रिकेत अक्षरं नकोत, +०५३० हा आकडा हवा.

तारीखच भलत्या वर्षात गेली असेल तर मात्र इतिहास शोधू नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. इंटरनेट अधूनमधून असेल तर आठवड्यातून एकदा तरी घड्याळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी जुळवून घ्या. भारताची प्रमाणवेळ तीच संस्था सांभाळते.

दुरुस्तीनंतर दोन चाचण्या करा. उद्या संध्याकाळच्या बातम्यांचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग लावा, आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची ठेवून. ते जुळलं तर टाइमझोनची फाइल ताजी आहे का ते बघा आणि मार्च, एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबरमधल्या परदेशी सामन्यांचे टायमर एकेक उघडून पत्रिकेशी ताडून पाहा. सामना असेल तर शेवटी तासभर जास्तीचा ठेवा. पावसानं थांबलेला खेळ कुठल्याच टाइमझोनच्या तक्त्यात नसतो.