फिंगर फूड, मांसाहारी (बाळाच्या वरच्या आहारातील)

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला स्वतःच्या हातात धरून, हिरड्यांनी चिरडून खाता येतील असे मटण, चिकन किंवा कलेजीचे मऊ पदार्थ. खिम्याचे लांबट कबाब, रताळ्यात कालवलेली कलेजी, मऊ भातात मळलेल्या मटणाचे मुटके आणि हाडाला धरून चोखायची तंगडी हे त्यातले नेहमीचे प्रकार. त्यासाठी दात येण्याची वाट पाहावी लागत नाही. नीट शिजलेले मांस हिरड्यांखाली सहज मोडते, आणि जे मोडत नाही ते दोन-चार दात आलेल्या बाळालाही चालत नाही.

मांसाहारी मराठी घरांत बाळाची मांसाशी पहिली ओळख बहुधा पाण्यातून होते. कोल्हापूरकडे मटणात मसाला पडण्याआधीचे आळणी पाणी वाटीत काढून बाळाला पाजतात. इतरत्र चिकनचे किंवा पायाचे सूप. ‘सगळी ताकद रश्श्यात उतरते’ ही समजूत त्यामागे आहे, आणि ती चुकीची आहे. रश्श्यात चव, थोडी चरबी आणि जिलेटिन उतरते. लोह मात्र बहुतांशी मांसाच्या लाल रंगद्रव्यात असते आणि शिजल्यावरही तंतूंतच राहते. प्रथिने आणि जस्त यांचेही तेच. सहा-आठ चमचे पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते आणि ज्यासाठी मटण आणले ते मोठ्यांच्या ताटात जाते. आळणी वाया घालवू नये, पण तिचे काम मांस ओलसर ठेवण्याचे आहे. बाळाच्या पोटात जायला हवे ते मांस.

लोहाचे गणित

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरातला जन्मजात लोहसाठा साधारण चार ते सहा महिने पुरतो. आईच्या दुधातले लोह चांगले शोषले जाते, पण ते लिटरमागे जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असते. सात ते बारा महिन्यांच्या बाळासाठी अमेरिकेतील शिफारस दिवसाला 11 मिलिग्रॅम लोहाची आहे. पेज, वरणाचे पाणी आणि नाचणीचे सत्त्व यांतून ही तफावत भरून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) भारतातील 6 ते 59 महिन्यांची 67.1 टक्के बालके रक्तक्षयी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 6 ते 23 महिन्यांच्या बालकांना मांस, मासे किंवा अंडी रोज मिळायला हवीत.

मांसातले हीम लोह (लाल रंगद्रव्यात बांधलेले) ढोबळमानाने 15 ते 35 टक्के शोषले जाते, धान्य-डाळींतले त्याहून बरेच कमी. शिवाय त्याच घासात मांस असेल तर शेजारच्या डाळ-भातातले लोहही अधिक शोषले जाते. लिंबाचे दोन थेंब किंवा टोमॅटोचा गर तेच काम करतो. चहात बुडवलेले बिस्किट नेमके उलटे करते, कारण चहातले टॅनिन लोहाला अडवते. बाळाला ‘चव म्हणून’ चहा देण्याची पद्धत यासाठीच सोडून द्यावी.

मांसाची निवड

आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचे. त्याच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 2.8 मिलिग्रॅम लोह असते, कोंबडीच्या कलेजीत सुमारे 9 आणि कोंबडीच्या छातीच्या मांसात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ‘हलके’ म्हणून बाळाला दिला जाणारा चिकन ब्रेस्ट लोहाच्या बाबतीत सर्वांत दुबळा. शिवाय चरबी आणि संयोजी ऊती कमी असल्याने तो शिजल्यावर कोरडा, धाग्याधाग्याचा होतो. चिकन घ्यायचे तर बोनलेस थाय घ्यावे.

मटणवाल्याकडे कोवळ्या बोकडाच्या रानेचे (मांडीचे) मांस मागावे आणि खिमा डोळ्यांसमोर, यंत्रातून दोनदा काढून घ्यावा. थोडी चरबी राहू द्यावी. अगदी कोरडा खिमा शिजल्यावर वाळूसारखा सुटतो. सत्तुराने तोडलेल्या हाडाच्या तुकड्यांतून खिमा केलेला असेल तर त्यात हाडाची बारीक कपची हमखास राहते. असा खिमा बाळासाठी नाहीच. घरी आणल्यावर खिमा ताटात पातळ पसरून बोटांनी एकदा चाचपावा; कपची डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागते.

खिम्याची बोटे

कच्च्या खिम्याचे कबाब वळून थेट तव्यावर टाकणे ही मोठ्यांची पद्धत. बाळासाठी ती फसते: बोकडाचा खिमा तापताच आकसतो, पाणी सोडतो आणि रबरी होतो. म्हणून खिमा आधी शिजवायचा, मग वळायचा.

200 ग्रॅम खिमा, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि पाव चमचा आले-लसणाचे वाटण कुकरमध्ये घ्यावे. गुठळ्या राहू नयेत म्हणून खिमा आधी गार पाण्यातच चमच्याने मोकळा करावा, कारण गरम पाण्यात पडलेली गुठळी नंतर फुटत नाही. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग मंद आचेवर 15 मिनिटे. 40 ग्रॅम कोंबडीची कलेजी घालायची तर ती कुकरमध्ये न घालता वेगळी, झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे वाफवावी. सुरीने कापल्यावर आत गुलाबी रंग राहता कामा नये. पित्ताचा हिरवट डाग लागलेला भाग कच्चा असतानाच काढून टाकावा, नाहीतर सगळे मिश्रण कडू होते.

खिम्याचे पाणी वेगळे काढून ठेवावे. खिमा आणि कलेजी मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन फिरवावी. सलग फिरवली तर चिकट पेस्ट होते आणि ती टाळूला बसते. त्यात उकडून कुस्करलेले 150 ग्रॅम रताळे आणि दोन मोठे चमचे डाळ्याचे बारीक पीठ मिसळून, काढलेले पाणी चमच्याचमच्याने घालत मळावे. गोळा हाताला किंचित ओला लागला पाहिजे. वळताना भेगा पडल्या तर आणखी पाणी, हाताला चिकटून आकार सोडत असेल तर आणखी अर्धा चमचा पीठ. साधारण 20 ग्रॅमची, 6 सेंटिमीटर लांब आणि मोठ्या माणसाच्या बोटाएवढी जाड सोळा-सतरा बोटे होतात. जाड बुडाच्या तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर प्रत्येक बाजू दोन मिनिटे पुरते. आत सगळे शिजलेलेच असते, वरून फक्त धरण्याइतपत पापुद्रा यायला हवा. खरपूस केले की तो पापुद्रा हिरडीखाली मोडत नाही, आणि ताजा असताना मऊ वाटला तरी थंड झाल्यावर कडक होतो.

रताळ्याऐवजी लाल भोपळा घेतला तर तो कापडात पिळून घ्यावा. बटाटा चालतो, पण गार झाल्यावर गोळा घट्ट आणि चिकट होतो. अंडे बाळाला आधी स्वतंत्रपणे देऊन सोसले असेल तरच बांधणीला वापरावे.

कलेजी घातलेल्या अशा दोन बोटांतून बाळाला सुमारे एक मिलिग्रॅम लोह मिळते. कलेजी इतक्या थोड्या प्रमाणात मिसळण्याला कारण आहे. तिच्यात रेटिनॉल स्वरूपातले अ जीवनसत्त्व फार असते आणि एक वर्षाखालील बाळासाठी त्याची दैनंदिन कमाल मर्यादा 600 मायक्रोग्रॅम आहे. शिजलेली 15 ग्रॅम कोंबडीची कलेजीदेखील तिथवर पोहोचते. बोकडाच्या कलेजीत ते आणखी जास्त. निव्वळ कलेजी द्यायची असेल तर आठवड्यातून एकदा, दोन लहान चमच्यांपेक्षा जास्त नको.

तंगडी आणि मुटके

कोंबडीची तंगडी झाकण ठेवून अर्धा तास मंद शिजवली की मांस हाडावरून सुटू लागते. त्यानंतरचे काम महत्त्वाचे. मुख्य हाडाला लागून सुईसारखे एक बारीक हाड असते, ते ओढून काढावे. टोकाची कूर्चा, सैल कातडी आणि शिरेसारखे पांढरे दोर काढावेत. उरलेले मांस बोटाने हलवून जे सहज निघते तेही काढून घ्यावे. राहिलेले हाड बाळ मुठीत धरून कुरतडते. पोटात फार जात नाही, पण जीभ आणि हिरड्यांना सराव होतो. हाड तडकलेले असेल तर देऊ नये.

बोनलेस थायचे तुकडे द्यायचे तर शिजल्यावर तंतूंना आडवे कापावेत. तंतूंच्या दिशेने सोललेला लांब धागा तोंडात भिजून बोळा होतो, गालात साठतो आणि मग उमासा येतो.

मुटक्यांसाठी इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तांदूळ पाचपट पाण्यात गिजगा शिजवावा. रानेचे मटण एका शिट्टीनंतर 25 मिनिटे (जून असेल तर 35) मंद आचेवर शिजवून, तंतू आडवे तोडून बारीक चिरावे. एक भाग मटण, दोन भाग भात, आळणीचे दोन चमचे आणि अर्धा चमचा तूप मळून लांबट मुटके वळावेत. बासमती किंवा कोलम इथे कामाचा नाही, मुटका हातातच विस्कटतो.

आकार, वय आणि बैठक

सहा-सात महिन्यांचे बाळ वस्तू अख्ख्या मुठीत धरते आणि मुठीत दडलेला भाग त्याला खाता येत नाही. म्हणून तुकडा मुठीबाहेर दोन-तीन सेंटिमीटर यावा इतका लांब. साधारण नवव्या महिन्याच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमट जमू लागते, तेव्हा मऊ मांसाचे मटारएवढे तुकडे देता येतात. सुपारीएवढे गोल कोफ्ते आणि सॉसेजच्या चकत्या मात्र टाळाव्यात. गोल, लवचीक तुकडा श्वासनलिकेवर बुचासारखा बसतो. देण्याआधी प्रत्येक तुकडा दोन बोटांत दाबून पाहावा. जोर न लावता चिरडला तरच तो बाळाच्या ताटात.

बाळाची मान सावरलेली हवी, थोड्या आधाराने बसता यायला हवे आणि अन्न जिभेने बाहेर ढकलणे थांबलेले हवे. मांडीवर आडवे घेऊन भरवण्याची सवय या पदार्थांना चालत नाही. पाठ ताठ आणि तोंड समोर हवे. तुकडा बाळाने स्वतः तोंडात न्यावा, मोठ्यांनी कोंबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी सुरुवात केव्हा करावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

स्वतःच्या हाताने खाण्याच्या या पद्धतीचा पुरस्कार ब्रिटनमधील गिल रॅपली यांनी केला. तीत घास अडकण्याची भीती सर्वांत जास्त व्यक्त होते. न्यूझीलंडमधील ‘ब्लिस’ या चाचणीत 206 बाळांचा अभ्यास झाला. काय द्यावे आणि काय टाळावे हे शिकवलेल्या पालकांची हाताने खाणारी बाळे आणि नेहमीच्या पद्धतीने वाढणारी बाळे यांच्यात घास अडकण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. यातला ‘शिकवलेल्या’ हा शब्द विसरून चालणार नाही.

उमासा आणि अडकणे यांत गल्लत होते. उमाशात बाळ लाल होते, आवाज करते, खोकते आणि घास पुढे आणते. तेव्हा तोंडात बोट घालू नये. घास खरोखर अडकला की आवाज थांबतो, खोकला निघत नाही, ओठ निळसर पडतात. अशा वेळी बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडील भागाने 5 थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर 5 दाब. घास सुटेपर्यंत आलटून-पालटून हेच, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. बाळ निपचित पडले तर लगेच सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) सुरू करावा. दिसत नसलेला घास बोटाने शोधायला गेले तर तो आणखी आत जातो.

मीठ, मसाला, प्रमाण

एक वर्षापर्यंत वरून मीठ, साखर, मध काहीही नको. तयार चिकन-मटण मसाल्यांच्या अनेक पाकिटांत मीठ असते, ते वेष्टनावर वाचावे. गोठवलेले नगेट्स, सलामी, सॉसेज यांनाही त्याच कारणासाठी वगळावे. जिरे, धने, हळद, आले, लसूण, कोथिंबीर थोडी-थोडी चालते आणि चालवावीही. अळणी म्हणजे बेचव असण्याची गरज नाही. घरच्या मटणातूनच बाळाचा वाटा काढायचा तर तो मीठ आणि तिखट पडण्याआधी काढावा.

सुरुवातीला दिवसाला 10 ते 15 ग्रॅम शिजलेले मांस पुरते, वर्षाच्या आसपास 30 ग्रॅमपर्यंत जाता येते. पहिले काही दिवस बाळ नुसते चोखून टाकून देईल. बाळाच्या शीमध्ये मांसाचे तंतू दिसले तर ते पचन बिघडल्याचे लक्षण नव्हे. श्रावणात किंवा वार पाळणाऱ्या घरांत मांस शिजत नाही त्या दिवशी डाळीवर लिंबू पिळून वेळ निभावते, महिनाभराचा खंड मात्र बाळाच्या वयाच्या मानाने मोठा आहे. सरकारी कार्यक्रमातून सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोहाचे सिरप दिले जाते. मांस सुरू केले म्हणून ते बंद करू नये.

साठवण

कच्चे मांस नळाखाली धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर पातेल्यात, पाणी न उडवता धुवावे आणि विळी, सुरी, फळी लगेच साबणाने घासावी. चिकन आतून 74 अंश सेल्सियस, खिमा 71 अंशांपर्यंत तापायला हवा. कुकरमध्ये हे आपोआप होते, तव्यावर होतेच असे नाही.

तयार बोटे दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात फ्रिजमध्ये जावीत. तिथे दोन दिवस. फ्रीझरमध्ये ठेवायची तर आधी ताटात सुटी-सुटी गोठवून मग डब्यात भरावीत, म्हणजे एकेक काढता येते. महिनाभर चांगली राहतात. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून, थोडे पाणी शिंपडून, झाकण ठेवून वाफ निघेपर्यंत गरम करावीत आणि कोमट झाल्यावर द्यावीत. गरम करणे एकदाच. बाळाने तोंड लावलेला तुकडा परत डब्यात जात नाही. लाइट जाऊन फ्रीझरमधली बोटे मऊ पडली असतील आणि अजून गार असतील तर त्याच दिवशी वापरावीत, कोमट लागली तर फेकावीत. पुन्हा गोठवू नयेत.